भिंतीला पिवळा रंग देण्याआधी



नवरात्र जवळ आलं की गावोगाव दसरा काढायची धांदल सुरू होते. गोधड्या नदीवर जातात, मांडणीवरची भांडी खाली उतरतात, आणि घर रिकामं झालं की भिंती किती काळवंडल्यात ते डोळ्यांत भरतं. मग रंगाचा विषय निघतो. यंदा गटांच्या बैठकांतून आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यांत पिवळ्या रंगाबद्दलचे सगळ्यांत जास्त होते. कुणाला घरकुलाच्या नव्या भिंती पिवळ्या करायच्यात, कुणाला मातीचं जुनं घर उजळायचंय, कुणी विचारतंय हळद घालून रंग करता येईल का. म्हणून आजचा सगळा वेळ आपण पिवळ्या रंगालाच देऊ.

आधी हा रंग का आवडतो ते बघू. आपली गावाकडची घरं बहुतेक अंधारी. खिडक्या लहान, एखादी असली तरी तिच्यासमोर कणगी नाहीतर कपाट. दाराला लागून पडवी किंवा पत्र्याचं छप्पर, त्यामुळे दारातून येणारा उजेडही अडतो. अशा खोलीत जो थोडा उजेड शिरतो तो भिंतीनं परतवून खोलीभर फिरवला पाहिजे. हे काम पांढरा रंग सगळ्यांत चांगलं करतो, आणि त्याच्या खालोखाल फिका पिवळा. निळा, हिरवा, गुलाबी जरा गडद झाला की उजेड गिळायला लागतो. पिवळा फिका ठेवला तर उजेडही राहतो आणि पांढऱ्या भिंतीचा जो कोरडेपणा असतो, दवाखान्यासारखा, तो जातो. पितळेचा हंडा, तांब्याचा बंब, स्टीलची ताटं पिवळ्या भिंतीपुढे जशी उठून दिसतात तशी दुसऱ्या कुठल्याच रंगापुढे दिसत नाहीत, असं आमचं मत. शिवाय हा रंग आपल्या अंगावरचा आहे. हळदीचा, भंडाऱ्याचा, झेंडूचा. जेजुरीच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. पिवळ्या रंगानं खोली तापते असं काही जणी म्हणतात. आतल्या भिंतीच्या रंगानं खोलीतली उष्णता वाढत नाही. डोळ्यांना ऊब वाटते एवढंच. खोली तापते ती वरच्या पत्र्यानं आणि पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून पडणाऱ्या उन्हानं. उन्हाळ्याचा त्रास कमी करायचा असेल तर पैसे पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरा रंग देण्यात घाला, आत मग कुठलाही रंग असू द्या.

आता हळदीचा प्रश्न. हळद घालून भिंत रंगवता येईल का? उत्तर आपल्या प्रत्येकीच्या कपाळावर आहे. हळदीत चुना मिसळला की काय होतं? लाल होतं. पूर्वी कुंकू असंच करायचे. म्हणजे चुन्याच्या बादलीत हळद टाकली तर भिंत पिवळी व्हायच्या ऐवजी तांबूस होणार. आणि चुना न घालता नुसती हळद लावली तर ती उन्हानं, उजेडानं विटते. हळदीच्या कार्यक्रमातली साडी दोन-चारदा उन्हात वाळवली की डाग फिका होतो ना, तसंच. तेव्हा हळद स्वयंपाकात राहू द्या.

भिंतीसाठी आपल्याकडे वेगळा पिवळा आहे, तो म्हणजे पिवळी माती. रंगाच्या दुकानात तिला पिवडी म्हणतात. तिचा पिवळेपणा लोखंडामुळे असतो. लोखंडाला गंज चढतो त्याच जातीचा हा रंग. ही माती भट्टीत भाजली की तांबडी होते, म्हणजे तिचा गेरू होतो. पिवळी माती आणि गेरू सख्ख्या बहिणी म्हणा. या दोघींचा मोठा गुण असा, की चुन्यात त्या बदलत नाहीत आणि उन्हात विटत नाहीत. आज दुकानात यांचाच कारखान्यात केलेला प्रकार मिळतो, ‘पिवळा ऑक्साइड’. सिमेंटच्या लादीत, कोब्यात लाल रंग घालतात ना, त्याच्याच शेजारच्या पाकिटात हा असतो. दुकानदाराला नुसतं ‘पिवळा रंग द्या’ म्हणू नका. ‘सिमेंटमध्ये चालणारा पिवळा ऑक्साइड द्या’ म्हणा. जो सिमेंटमध्ये टिकतो तो चुन्यातही टिकतो. दिसायला तो झेंडूसारखा भडक नसतो, पिकल्या गव्हासारखा, जरा मातकट असतो. भिंतीला तोच शोभतो. भडक पिवळ्याबद्दल पुढे बोलायचंच आहे, आणि ते नीट ऐकायचं आहे.

पण रंग निवडण्याआधी भिंत कुठली ते बघायला हवं. आपण उलटं करतो. शेजारणीच्या घरचा रंग आवडला की तोच डबा आणतो. तिची भिंत सिमेंटची, आपली मातीची. तिची कोरडी, आपली ओली. मग सहा महिन्यांत पोपडे सुटतात आणि रंगाला नाहीतर रंगाऱ्याला बोल लागतो.

मातीची भिंत असेल तर तिला मातीचंच पोतारं द्यावं. पांढऱ्या मातीत पिवळी माती कालवून, गाळून, थोडा बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि फडक्यानं किंवा कुंच्यानं भिंतीवर फिरवायचं. दर वर्षी नाहीतर वर्षाआड द्यावं लागेल. ते काम आहे खरं, पण त्यात पैसा जवळजवळ जात नाही. मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट कधीही देऊ नका. मातीची भिंत ओल पिते आणि सोडते. तेलाच्या रंगानं तिचं तोंड बंद झालं की आतली ओल आतच राहते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि एक दिवस रंगासकट मातीची ढलपी खाली येते.

दगड-मातीची भिंत आणि चुन्याचा किंवा जुना गिलावा असेल, तर चुन्यातला पिवळा रंग सगळ्यांत उत्तम. चुना ही मोठी वस्ताद चीज आहे. ओला असताना दुधासारखा, आणि भिंतीवर गेला की हवेतला कार्बन वायू घेऊन पुन्हा दगड होतो. त्याच्यातून ओल आरपार जाते, आणि ताज्या चुन्यात बुरशी, किडे टिकत नाहीत. आजीच्या काळात साथ आली की घराला चुना मारायचे, ते उगीच नव्हतं.

याची कृती सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. पाच किलो चुनकळी, पंचवीस लिटर पाणी. पिंप लोखंडी हवं, प्लॅस्टिकची बादली नको. चुनकळी विरते तेव्हा इतकी तापते की प्लॅस्टिक वितळतं. पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि मग त्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची. चुनकळीवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. लेकरांना त्या दिवशी पिंपाजवळ फिरकूसुद्धा देऊ नका. चुना डोळ्यांत गेला तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा मिनिटं धरा आणि तसंच दवाखाना गाठा. हातांना गोडेतेल लावा किंवा मोजे घाला, आणि डोळ्यांना चष्मा, निदान मोटारसायकलवर घालतात तो. हे सगळं झेपणार नसेल तर दुकानात विरवलेल्या चुन्याची भुकटी पोत्यात मिळते, ती रात्रभर पाण्यात भिजवली तरी चालतं.

विरलेला चुना चोवीस तास तसाच राहू द्या, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. त्यात शंभर ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. डिंकामुळे रंग हाताला, कपड्याला लागत नाही. आता पिवळा ऑक्साइड किंवा गाळलेली पिवळी माती. पाव किलोपासून सुरू करा. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून तिची पेज करा आणि मग चुन्यात ओता, कोरडी भुकटी थेट टाकली तर भिंतीवर रेघोट्या उठतात. पाच किलो चुनकळीला अर्ध्या किलोच्या वर रंग घालू नका, कारण त्यापुढे चुन्याची पकड सुटते आणि भिंत पावडरीसारखी निघायला लागते.

बादलीत रंग जेवढा गडद दिसतो त्याच्या कितीतरी फिका तो वाळल्यावर होतो. म्हणून भिंतीच्या एका कोपऱ्यात, दाराआड, हातभर जागेवर लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी ठरवा. आणि सगळ्या खोलीला पुरेल एवढं एकदाच कालवा. दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याशी कधीच जुळत नाही, मग अर्धी भिंत एक आणि अर्धी भिंत दुसरी.

भिंतीवर चुना देण्याआधी जुनी धूळ, जाळी, सुटे पोपडे काढून भिंतीवर पाणी शिंपडून ती ओलसर करायची. कोरड्या तापलेल्या भिंतीवर चुना लगेच वाळतो आणि भुकटी होऊन गळतो. एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. हात पातळ हवा, दुधाइतका. आम्हांला वाटतं दसऱ्याला चुना देण्याची जी रीत आहे तिच्यात हाच शहाणपणा असावा. पाऊस नुकताच ओसरलेला, भिंती अजून थोड्या ओलसर, ऊन कडक नाही. चुन्याला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

डब्यातल्या रंगाचं मात्र नेमकं उलटं आहे. डिस्टेंपर असो नाहीतर प्लॅस्टिक पेंट, त्याला भिंत पूर्ण कोरडी लागते. पावसाळ्यात चार महिने पाणी प्यालेली भिंत दसऱ्याला वरून कोरडी दिसते, आतून नसते. तपासायचं कसं? हातभर प्लॅस्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत ओली आहे. मग डिस्टेंपर दिवाळीनंतर, थंडीत किंवा होळीच्या सुमारास द्या. सण रंगाविना गेला तर काही बिघडत नाही. पाच हजारांचा रंग दोन महिन्यांत सोलून पडला तर बिघडतं.

घरकुलाच्या नव्या सिमेंटच्या भिंतींबद्दल एकच गोष्ट. गिलावा झाल्यावर निदान अठ्ठावीस दिवस थांबा. गिलावा पक्का व्हायला तेवढे दिवस लागतात. वास्तुशांतीची घाई असते, पाहुणे यायचे असतात, सगळं मान्य. पण घाई असेल तर चुन्याचा एक हात देऊन कार्य उरका. डब्यातला रंग पुढच्या हंगामात. आणि ज्या भिंतीला खालून खार फुटतो, पांढरी भुकटी येते, तिथे रंग हा उपाय नाहीच. पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक वेळा मोरीचं पाणी, पन्हळीचं पाणी, नाहीतर भिंतीला लागून टाकलेला मातीचा ढीग, यातलं काहीतरी निघतं. बऱ्याच घरांत हा खार लपवायला खालच्या तीन-चार फुटांना ऑइलपेंटचा पट्टा मारतात. त्यानं ओल लपत नाही, वर चढते. आधी पट्ट्याखाली ओल होती, आता पट्ट्याच्या वर येते.

या ऑइलपेंटवरच आता आम्हांला जरा सविस्तर बोलायचं आहे. रंगाच्या गप्पांत हे कुणी सांगत नाही, आणि याचा संबंध घरातल्या लेकरांशी आहे.

भडक, झळझळीत पिवळा रंग मिळवायचा सगळ्यांत सोपा आणि स्वस्त मार्ग बरीच वर्षं एकच होता, शिसं घातलेली भुकटी. तिला लेड क्रोमेट म्हणतात. शिसं म्हणजे बॅटरीत असतं ते, मासेमारीच्या जाळ्याला वजन म्हणून लावतात ते. ऑइलपेंटमध्ये पिवळा, नारिंगी, काही हिरवे आणि लाल रंग यांत शिसं घालत असत. हीच भुकटी बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून हळकुंडांना चोपडत होते. २०१९ साली तपासणीत ते उघड झालं आणि तिथल्या सरकारला बाजारात छापे घालावे लागले. म्हणजे हळदीत काय आणि भिंतीवर काय, हा पिवळा एकच.

आपल्या देशात घरगुती रंगांसाठी २०१६ साली नियम झाला, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असलेला घरगुती रंग बनवायला बंदी आहे. डब्यावर हे ‘लेड ९० पीपीएम’ असं लिहिलेलं असतं. पण त्या आधी दिलेला रंग आपल्या घरांत अजून आहे. दारं, खिडक्यांच्या चौकटी, गज, लोखंडी कॉट, पाळणा, देवघर, जुनं कपाट, आणि भिंतीचा तो खालचा पट्टा.

शिशाचं वाईट असं की ते अंगात गेलं तरी लगेच काही कळत नाही. ताप नाही, खोकला नाही. मूल चिडचिडं होतं, पोट दुखतं, शौचाला खडा होतो, अंगात रक्त कमी होतं, शाळेत सांगितलेलं लक्षात राहत नाही. आपण म्हणतो पोरगं मंद आहे, मस्तीखोर आहे. मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं इतकं प्रमाण चालेल, अशी सुरक्षित रेषाच नाही. आणि मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं अंगाला लागतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगाला लागतं. रांगतं मूल जमिनीवरची धूळ हातानं तोंडात नेतं, खिडकीची चौकट चावतं. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी आहे ते तर माती खातं, भिंत चाटतं, पोपडे काढून खातं. आणि लोह कमी असलेल्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं. दोन्ही बाजूंनी मार.

गरोदर बाईचंही तेच. डोहाळ्यांत भिंतीची माती, भाजकी माती खावीशी वाटणाऱ्या कितीतरी जणी आपण पाहतो; तिच्यावर हसू नका, तिचं रक्त तपासा. बाईच्या अंगात लहानपणापासून जे शिसं गेलं असेल ते हाडांत साठून राहतं, आणि पोटात बाळ असताना हाडांतलं कॅल्शियम बाळाला जातं तेव्हा त्याच्याबरोबर हे शिसंही जातं. म्हणून आशाताई देतात त्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर घ्या. अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं तर शिसं कमी शोषलं जातं. पालेभाज्या, नाचणी, कडधान्यं, दूध ही तर आपली नेहमीची यादी आहेच.

मग जुना रंग दिसला की लगेच खरवडून काढायचा का? नाही. हीच सगळ्यांत मोठी चूक घराघरांत होते. नवा रंग देण्याआधी रंगारी कोरडा पॉलिशपेपर मारतो, घरभर पिवळी धूळ उडते, पोरं तिथेच खेळत असतात, चुलीवर भाजी उघडी असते. त्या एका दुपारीच बरंच शिसं पोटात जाऊ शकतं. जुना रंग घट्ट असेल, सुटत नसेल, तर त्याला हात लावू नका. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि त्याच्यावर नवा रंग द्या. झाकलेलं शिसं पोटात जात नाही.

रंग सुटत असेल तर पाणी मारून मारून ओला करा आणि ओला असतानाच पत्र्यानं खरवडा. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा. नाका-तोंडाला घट्ट फडकं बांधा. त्यानं सगळी धूळ अडत नाही, म्हणून ओलं करणं जास्त महत्त्वाचं. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. भांडी, धान्य, अंथरुणं बाहेर. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. निघालेले पोपडे प्लॅस्टिकसकट गुंडाळून पिशवीत बांधा. ते उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, तेच खत पुढे मेथी-कोथिंबिरीला जातं. ग्रामपंचायतीकडे घातक कचरा वेगळा घेण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर मुलं, जनावरं आणि विहीर यांपासून लांब, पिशवी बंद ठेवूनच.

आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम दोनदा सांगतो. रंग दिलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका. रंग दिलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका. मोडकं दार, खिडकीची चौकट, जुना पाळणा, सगळं सरपणात जातं. रंग जळतो, शिसं धुरात जातं, राखेत उरतं. ती राख भांडी घासायला, ती राख परसातल्या वांग्यांना. बंबाखालीसुद्धा नको.

घरी बघून शिसं ओळखता येत नाही. चवीनं, वासानं, चुन्यात टाकून, कशानंच खात्री होत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. मुलाच्या अंगात शिसं गेल्याची शंका असेल तर रक्ताची तपासणी होते. ती गावातल्या उपकेंद्रात होणार नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ‘घरात जुना ऑइलपेंट आहे, मूल पोपडे खातं’ असं स्पष्ट सांगितलं तर ते पुढे कुठे जायचं ते सांगतील. नुसतं ‘पोट दुखतं’ म्हणालात तर जंताची गोळी घेऊन परत याल.

नवा रंग घेताना नियम सोपा ठेवा. भिंतीला पाण्यातला रंग, चुना किंवा डिस्टेंपर. ऑइलपेंट फक्त लोखंडाला आणि लाकडाला, तोही डब्यावर शिशाबद्दल लिहिलेला, सीलबंद, बिल घेऊन. आठवडी बाजारात सुटी मिळणारी भडक पिवळी भुकटी, ज्या पाकिटावर कुणाचं नाव-गाव नाही ती, भिंतीलाही नको आणि रांगोळीलाही नको.

एवढं जड बोलून झालं, आता छटेकडे वळू.

दुकानातल्या कागदावर जो पिवळा गोड दिसतो तो चार भिंतींवर दुप्पट गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून जी छटा आवडली तिच्याहून एक-दोन पायऱ्या फिकी घ्या. उत्तरेकडच्या किंवा मधल्या अंधाऱ्या खोलीला जरा उबदार, सायीत केशर पडल्यासारखा पिवळा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊन आधीच पिवळं असतं, तिथे अगदी फिका, नाहीतर पांढराच. लिंबासारखा हिरवट पिवळा आमच्या मते खोलीत घेऊ नये. त्या भिंतीपुढे बसलेलं माणूस काविळीनं आजारी असल्यासारखं दिसतं. वरचं छत मात्र कायम पांढरं ठेवा.

आणि दिवा बघा. आता सगळ्यांकडे एलईडी आले. निळसर पांढऱ्या एलईडीखाली पिवळी भिंत फिकट हिरवी, मेल्यासारखी दिसते आणि बाई रंगाऱ्याला म्हणते की तू रंग बदललास. रंग तोच असतो. पिवळसर उजेडाचा एलईडी मिळतो, खोक्यावर ‘वॉर्म’ असं लिहिलेलं असतं, तो लावला की तीच भिंत उबदार दिसते. मुलं अभ्यासाला बसतात तिथे पांढरा दिवा ठेवा, बसण्याच्या खोलीत पिवळसर. छटा ठरवताना नमुना दिवसाही बघा आणि रात्री दिव्याखालीही.

शोभेसाठी फार खर्च लागत नाही. पिवळ्या भिंतीला खाली जमिनीलगत वीतभर गेरूचा पट्टा ओढला तर सारवताना उडालेले शिंतोडे दिसत नाहीत आणि भिंतीला काठपदराच्या लुगड्यासारखा काठ येतो. कोनाडा असेल तर तो आतून पांढरा ठेवा, त्यात दिवा लावला की उजेड बाहेर फेकला जातो. चुलीच्या वरच्या भिंतीला मात्र पिवळा देऊ नका. धुरानं ती महिन्यात काळी होणार. तिथे साधा चुना, आणि दर सणाला एक हात.

हिशोब असा करा. खोली दहा बाय बारा फूट, उंची नऊ. चारी भिंतींची लांबी मिळून चव्वेचाळीस फूट, गुणिले नऊ, तीनशे शहाण्णव चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की साधारण साडेतीनशे. डब्यावर एका किलोत किती चौरस फूट होतात ते लिहिलेलं असतं. ते एका हाताचं आहे की दोन हातांचं ते नीट वाचा, दुकानदार तिथेच एक डबा जास्त खपवतो. गटातल्या चार-पाच जणींनी मिळून मोठी बादली घेतली तर किलोमागे स्वस्त पडते.

मजुरीचंही बोलू. सारवणं, पोतारणं आपण जन्मभर फुकट करतो आणि त्याच भिंतीला पुरुषानं ब्रश मारला की त्याची रोजंदारी होते. चुना गाळणं, रंग कालवणं, हात सारखा फिरवणं हे आपल्याला रंगाऱ्याइतकंच येतं. शिकायचं राहतं ते शिडीवर चढणं आणि हिशोब धरणं. ज्या गटाला वाटत असेल त्यांनी यंदा अंगणवाडीची खोली मागून घ्यावी, ग्रामपंचायतीकडून मजुरी ठरवून. फक्त तिथली दारं-खिडक्या जुन्या ऑइलपेंटच्या असतील तर वर सांगितलं तसं, ओलं करून, मुलांना सुट्टी देऊन.

उरलेल्या चुन्याचं काय करायचं, असं दोन गटांनी विचारलंय. डिंक आणि रंग न घातलेला चुना गाळून मातीच्या रांजणात ठेवा आणि त्याच्यावर कायम चार बोटं पाणी असू द्या. पाण्याखाली तो वर्षभर टिकतो, उलट जितका मुरेल तितका चिकट होतो. डिंक घातलेला मात्र दोन-तीन दिवसांत वापरा, नासतो. आणि रांजणावर झाकण, त्याच्यावर धोंडा. घरात लहान मूल आहे हे विसरू नका.